पालकातल्या लोहाचा आकडा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९७१ सालच्या तक्त्यात शंभर ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दिलेलं आहे. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ते १.१४ वर आलं. २०१७ साली संस्थेने सगळे नमुने नव्याने गोळा करून, नव्याने मोजून जो तक्ता काढला, त्यात ते २.९५ आहे. भाजी तीच, मोजणारी संस्था तीच, आणि आकडा मात्र एकदा नवव्या हिश्शावर आला नि मग पुन्हा अडीच पट झाला.

वाशीच्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्या वर्गात कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली मुलं आहेत, घणसोली-तुर्भे गावठाणातली आगरी मुलं आहेत आणि सेक्टरांमधल्या इमारतींतली सगळ्या प्रांतांची मुलं आहेत. हे तीन आकडे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, मग खरा कुठला?" याचं उत्तर देण्यासाठी आधी लोह मोजायचं कसं हे माणूस कुठून कुठून शिकत आला ते सांगावं लागतं. त्या गोष्टीतला बराचसा भाग आपल्याच परिसरात, परळपासून खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेपर्यंत घडलेला आहे. आणि त्यातलं एक मोठं नाव मराठी घरातलं आहे, जे रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसतं.

रक्तात लोह आहे हे अठराव्या शतकात कळलं. इटलीतल्या बोलोन्याच्या व्हिन्चेन्झो मेंगिनी यांनी रक्त वाळवून, जाळून त्याची पूड केली आणि तिच्यावर लोहचुंबक धरला. चुंबकाला किती कण चिकटले, त्यावरून त्यांनी लोहाचा अंदाज बांधला. लोहयुक्त अन्न दिल्यावर रक्तातलं लोह वाढतं का, हेही त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून तपासलं. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे बुसिंगो यांनी खाद्यपदार्थांतलं लोह मोजून त्याच्या याद्या केल्या. पदार्थ जाळायचा, राख आम्लात विरघळवायची आणि त्या द्रावणातलं लोह रासायनिक रीतीने मोजायचं. आजही शाळेतला प्रयोग पहिल्या दोन पायऱ्यांपुरता अगदी असाच आहे. बदललं ते तिसऱ्या पायरीवरचं साधन. तिथे प्रकाश आला.

१८५९-६० च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठरावीक रंगांच्या रेषांचाच प्रकाश देतं आणि वाफेच्या रूपात असताना नेमका तोच प्रकाश शोषून घेतं. लोहाच्या साठेक तेजस्वी रेषा किर्खहॉफ यांना सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांशी तंतोतंत जुळलेल्या दिसल्या. सूर्यावर लोह आहे हे अशा रीतीने पृथ्वीवर बसून कळलं.

हे शास्त्र आपल्या मुलखात लवकर पोचलं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे कावसजी दादाभाई नायगामवाला यांना वर्णपटमापनाची प्रयोगशाळा उभी करायची होती. भावनगरच्या महाराजांनी १८८२ साली त्यासाठी पाच हजार रुपये दिले, सरकारने तेवढीच भर घातली आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगामवाला आपला सरंजाम घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. त्याच दिवशी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर होते. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' कोकणात जाणारे पर्यटक आजही पाहतात. हेलियमचा शोध १८६८ साली लॉकियर यांनी विजयदुर्गावर लावला, असं तिथे सांगितलं जातं. वस्तुस्थिती अशी की १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी. कट्ट्यांचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. ग्रहणाच्या काही क्षणांत सूर्याच्या कडेचा वर्णपट टिपण्याचं काम १८९८ साली कोकणात आणि देशावर एकाच दिवशी चाललं होतं, हीच गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

सूर्यातलं लोह दिसलं, पण ताटातलं लोह प्रकाशाने ओळखायला विसावं शतक उजाडलं. केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या साध्या वर्णपटदर्शकातून कीटकांचे स्नायू आणि यीस्ट पाहत होते. प्रकाशाच्या पट्ट्यात त्यांना काळपट रेघा दिसल्या, ऑक्सिजन मिळाला की त्या पुसट होत आणि ऑक्सिजन तोडला की पुन्हा उमटत. पेशीच्या श्वसनात भाग घेणारं हे लोहयुक्त प्रथिन होतं. १९२५ साली केलिन यांनी त्याला सायटोक्रोम हे नाव देऊन निबंध छापला. जिवंत पेशीतलं लोह काम करताना डोळ्यांनी दिसावं, असं त्याआधी क्वचितच कुणाला जमलं होतं.

वनस्पतींमध्येही ही यंत्रणा आहे का, या प्रश्नावर काम करणाऱ्यांत एक मुंबईची मुलगी होती, कमला भागवत. जन्म १९११ चा. वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गा भागवत, ज्यांना मराठी वाचकाला ओळख करून देण्याची गरज नाही. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आलेली ही मुलगी १९३३ साली बंगलोरला प्रवेश मागायला गेली, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून नकार दिला. तिने तिथेच ठाण मांडलं आणि अखेर प्रवेश मिळवला, तोही वर्षभर काम पाहून मग नियमित करू, अशा अटीवर. वर्षभरात रामन यांचं मत पालटलं आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. तिथे कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं तपासली. १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असल्याचं त्यांनी दाखवलं. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. चौदा महिन्यांत पुरं केलेलं काम आणि अवघा चाळीस पानांचा प्रबंध. ब्रिटनमध्ये विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री.

माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सविस्तर सांगते, कारण या बाई परत आल्या आणि तेच ज्ञान त्यांनी रस्त्यावरच्या नीरेला लावलं. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, असं करत लग्नानंतर त्या सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेतले पोषक घटक मोजले. ताड-माडावरून पहाटे उतरवलेला रस, उन्हं वर आली की आंबायला लागणारा. त्यात अ आणि क जीवनसत्त्वं किती, लोह किती, रस आटवून ताडगूळ केला की त्यातलं काय उरतं, हे त्यांनी तपासून मांडलं. आदिवासी भागांतल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना स्वस्तात देता येईल असा पदार्थ म्हणून नीरेकडे पाहता येतं, हे या कामातून पुढे आलं. त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतरही त्यांनी मोजणं सोडलं नाही. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्या काम करत होत्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या आणि 'कीमत' या तिच्या मासिकात अन्नातल्या भेसळीवर लिहीत होत्या. ज्या हातांनी केंब्रिजला बटाट्यातलं लोहयुक्त प्रथिन शोधलं, त्याच हातांनी मुंबईच्या गृहिणीला दुधातली भेसळ कशी ओळखावी हे शिकवलं.

कमलाबाईंच्या या कामाच्या आधी, १९२८ साली, ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली होती. परळच्या हाफकिन संस्थेत तिचं काम चाले. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा पांडुरोग आढळत होता. त्यांचा आहार काय, राहणीमान काय, हे डॉ. मानेक मेहता यांच्याबरोबर तिने घरोघरी तपासलं. हा पांडुरोग लोह देऊन बरा होत नव्हता. अखेर यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रजांच्या न्याहारीतल्या मार्माइटने, तो बरा झाला आणि १९३१ साली हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. अर्कातलं ते द्रव्य काय होतं ते दहा वर्षांनी कळलं. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालकातून एक आम्ल वेगळं काढण्यात आलं, तेच फॉलिक अॅसिड. आज शाळांमध्ये आठवड्याला एकदा जी निळी गोळी दिली जाते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. गोळी तोंडात टाकताना नाक मुरडणाऱ्या मुलींना मी सांगते की हिचा अर्धा इतिहास परळचा आहे.

आता त्या तक्त्याकडे येऊ. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पहिली सरकारी पुस्तिका काढली. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली, राष्ट्रीय पोषण संस्था झाली आणि १९७१ साली गोपालन आणि सहकाऱ्यांनी पुस्तिकेचा मोठा ग्रंथ केला. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, पाठ्यपुस्तकं, मासिकांमधली आरोग्याची सदरं, सगळ्यांचे आकडे तिथून आले. अळिवात १०० मिलिग्रॅम लोह, कोवळ्या माठात २५.५, गुळात ११.४. बाळंतिणीला अळिवाचे लाडू द्यायचे, ही रूढी तर आपल्याकडे होतीच. आता तिला आकड्याचं बळ मिळालं.

मग १९८९ ची आवृत्ती आली आणि माठाचं लोह ३.४९ वर, गुळाचं २.६४ वर आलं. २०१७ च्या तक्त्यात अळीव १७.२ आहे. दहा ग्रॅम अळिवातून दहा मिलिग्रॅम लोह मिळतं, असा जिचा समज होता, तिला प्रत्यक्षात पावणेदोनच्या आसपास मिळत होतं. हा फरक किरकोळ नाही. आकड्यावर विसंबून गोळी टाळणाऱ्या गरोदर बाईच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

या ठिकाणी पालकाची एक प्रसिद्ध गोष्ट हमखास सांगितली जाते. एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिलं, पालकातलं लोह दहापट झालं आणि त्यावरून पॉपाय पालक खाऊ लागला, अशी ती गोष्ट. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखाने ती जगभर पसरवली. नंतर मूळ कागद धुंडाळले गेले, तेव्हा अशा चुकीचा पुरावा कुठेच सापडला नाही. उलट १९३२ च्या चित्रमालिकेत पॉपाय पालक खातो तो अ जीवनसत्त्वासाठी, असं तो स्वतःच सांगतो. आकडे फुगण्याची कारणं याहून साधी असतात, आणि ती प्रयोगशाळेत उभं राहिल्याशिवाय नीट कळत नाहीत.

पहिलं कारण पाणी. पालकाच्या पानात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. वाळवलेल्या पानाचा आकडा ताज्या पानाला लावला की तो आपोआप दहापट होतो. दुसरं कारण माती. मातीत सरासरी पाच टक्के लोह धरलं, तर शंभर ग्रॅम भाजीला चिकटलेल्या दशांश ग्रॅम मातीत पाच मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे पालकाच्या स्वतःच्या लोहापेक्षा जास्त. दशांश ग्रॅम म्हणजे नखावर मावेल एवढी चिमूट. जमीन कोकणातल्यासारखी जांभ्याची असेल तर प्रमाण आणखी चढतं. तिसरं कारण हत्यारं. लोखंडी खलात कुटलेलं धान्य, लोखंडी जात्याच्या गिरणीतून आलेलं पीठ, गंजलेला चिमटा, यांचं लोह पदार्थाच्या नावावर जमा होतं. चौथं कारण मोजण्याची पद्धत. डोळ्यांनी रंग जुळवून पाहण्यापासून अणुशोषण वर्णपटमापनापर्यंत ती बदलत आली. ही शेवटची पद्धत ऑस्ट्रेलियात अॅलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडली. त्यात नमुन्याची ज्योतीत वाफ होते आणि लोहाच्याच दिव्याचा प्रकाश लोहाचे अणू किती शोषतात ते मोजलं जातं. किर्खहॉफ यांनी सूर्यात जे पाहिलं, तेच इथे मेजावर होतं.

वाशीच्या खाडीपुलावरून दक्षिणेला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी १९५४ पासून अणुऊर्जेचं संशोधन चाललं आहे. अणुभट्टीचं इंधन अतिशुद्ध लागतं, काही अशुद्धी तर दहा लाखांत एखादा भागसुद्धा तिथे चालत नाहीत. त्या मोजायला वर्णपटमापन हे एक महत्त्वाचं साधन होतं, म्हणून ट्रॉम्बेत हे शास्त्र सुरुवातीपासूनच रुजलं. पुलापलीकडचं पहिलं स्टेशन मानखुर्द. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ साली सुरू झालेलं. जुलै २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड मुंबईत भरलं आणि पन्नासहून अधिक देशांतली मुलं आली.  मोजण्याची प्रात्यक्षिकं जगातल्या निवडक मुलांसाठीच नसतात, रंगावरून लोह मोजण्याचा प्रयोग आपल्या शाळेतल्या मुलांनाही करता येतो, हे मी तेव्हापासून सांगत आले आहे.

तो कसा होतो ते सांगते. पालकाची जुडी आणली की मुलं आधी दोन वाटे करतात. एक वाटा जसाच्या तसा, दुसरा नळाखाली तीनदा धुऊन मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेला. दोन्हींतली दहा-दहा ग्रॅम पानं चिनी मातीच्या मुशीत आधी सुकवतात, मग बर्नरवर जाळतात. आधी पाणी जातं, मग धूर येतो, खोलीभर करपल्याचा वास सुटतो आणि खिडक्या उघडाव्या लागतात. मूस लालबुंद होईपर्यंत आच दिली की काळा कोळसा हळूहळू करडा होतो आणि शेवटी चिमूटभर राख उरते. या वेळी सगळ्यात सांभाळावं लागतं ते गंजापासून. खाडीच्या खाऱ्या हवेत आमच्या प्रयोगशाळेतला एकही लोखंडी स्टँड धड राहत नाही. तिवईचा गंज मुशीत पडला की निकाल गेला. म्हणून मूस मातीच्या नळ्यांच्या त्रिकोणावर ठेवायची, वर झाकण आणि चिमटा स्टेनलेसचा. प्रयोगशाळेतले मामा हे माझ्याहून कडकपणे पाहतात.

राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायची, गाळायची. त्यात क जीवनसत्त्व घातलं की सगळं लोह फेरस रूपात येतं. सोडियम अॅसिटेटने आम्लता बेताची करायची आणि मग फिनॅन्थ्रोलिनचे थेंब टाकायचे. पाण्यासारखं दिसणारं द्रावण बघता बघता नारिंगी होतं. जिच्या डब्यात आदल्या दिवशी पालक होता, ती मुलगी त्या रंगाकडे किती वेळ बघत राहते! शंभर मिलिलिटरपर्यंत पाणी घालून द्रावण कलरीमीटरमध्ये ठेवायचं, हिरव्या प्रकाशात, ५१० नॅनोमीटरच्या आसपास. पालकात २०१७ च्या तक्त्याएवढं लोह असेल, तर दहा ग्रॅमांतून साधारण ०.३ मिलिग्रॅम निघतं आणि एक सेंटिमीटर जाडीच्या त्या द्रावणातून हिरव्या प्रकाशाचा जेमतेम चौथा हिस्सा पार जातो. तुलनेसाठी ठाऊक प्रमाणाची द्रावणं लागतात. त्यासाठी बारावीच्या टायट्रेशनचं मोर्स सॉल्ट कपाटात असतंच. ०.७०२ ग्रॅम घेऊन लिटरभर द्रावण केलं की त्यात १०० मिलिग्रॅम लोह. त्यापासून पातळ द्रावणं करायची, आलेख काढायचा, सरळ रेघ आली की त्यावरून पालकाचा आकडा वाचायचा. आणि एक 'ब्लँक', म्हणजे पालक वगळून बाकी सगळं तेच. रसायनांतलं आणि भांड्यांतलं लोह तिथे पकडलं जातं.

न धुतलेल्या वाट्याचा रंग गडद आला, की १९७१ चा आकडा कसा होऊ शकतो हे मला शिकवावं लागत नाही. मग प्रश्न सुटतात. हार्बर मार्गावर रुळांच्या कडेला सांडपाण्यावर वाढलेली भाजी लोकलच्या खिडकीतून सगळ्यांनीच पाहिलेली असते, तिच्यात काय निघेल? एपीएमसी बाजारात नाशिकहून आलेली जुडी आणि पनवेलच्या बाजूची जुडी सारखीच का? माथाडी घरातला मुलगा साताऱ्याची बाजरी आणतो, घणसोलीची मुलगी लाल माठ आणते. कुणी आजीच्या लोखंडी कढईत केलेली टोमॅटोची भाजी आणतं आणि स्टीलच्या कढईतली शेजारी ठेवतं. आंबट पदार्थ लोखंडातून लोह ओढून घेतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं.

एवढं झालं की मी त्यांना थांबवते, कारण मोजलेलं सगळं लोह अंगी लागत नाही. पोषण संस्थेत नरसिंगराव आणि प्रभावती यांनी १९७८ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. अन्नावर आधी जठरासारखी आम्लता आणि पेप्सिन यांची क्रिया करायची, मग आतड्यासारखी स्थिती आणायची आणि त्यात किती लोह विरघळलेलं राहतं ते रंगाने मोजायचं. धान्यातली फायटेटं, चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, लिंबू-आवळा त्याला सोडवतात. भारतीय आहारातून स्त्रियांच्या शरीरात लोह शोषलं जाण्याचं प्रमाण आयसीएमआरने २०१० साली आठ टक्के धरलं होतं. निळ्या गोळीतल्या ६० मिलिग्रॅमांची बरोबरी करायला दोन किलो पालक लागेल, आणि तो पोटात गेला तरी त्यातला फार थोडा कामी येईल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, चौथ्या पाहणीत ते प्रमाण ४८ टक्के होतं. गोळ्या आहेत, तक्ते आहेत, भाज्यांनी भरलेले बाजार आहेत, आणि तरी हा आकडा वर जातो. अशा वेळी मुलींनी आपल्या ताटाविषयी विश्वासाने ठेवायची माहिती आणि तपासून घ्यायची माहिती यांतला फरक ओळखलाच पाहिजे.

म्हणून "खरा कुठला?" या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. आज विचाराल तर २०१७ चा, कारण तो देशभरातून नमुने घेऊन, चांगल्या साधनांनी, मातीचं भान ठेवून मोजला आहे. पण त्या आकड्यामागेही कुणीतरी पानं धुतली आहेत, मूस सांभाळली आहे, ब्लँक वजा केला आहे. आकडा माणसाच्या हातून तयार होतो, हे ज्याने एकदा स्वतः मोजलं त्यालाच पक्कं कळतं. कमलाबाई सोहोनींनी आयुष्यभर तेच केलं. पुस्तकातल्या आकड्यावर न थांबता त्यांनी भांड्यातला पदार्थ तपासला आणि तपासलेलं सामान्य बाईपर्यंत नेलं.

शाळांच्या व्यवस्थापनांना माझं सांगणं आहे. या प्रयोगाला लागणारी जवळजवळ सगळी रसायनं आणि काचसामान तुमच्या कपाटात आधीच आहे. साधा कलरीमीटर प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत मिळतो. एका स्मार्ट फळ्याच्या किमतीत अनेक वर्गांचं काम भागेल. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला, आणि विशेषतः प्रत्येक मुलीला, वर्षातून एकदा तरी आपल्या डब्यातल्या भाजीचं लोह मोजू द्या. पालकांनीही शाळेकडे ही मागणी करावी. आणि तोवर घरी एवढं करा: पालेभाजी भरपूर पाण्यात तीनदा धुवा, वर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासाभराने घ्या, आणि शाळेतून मिळणारी निळी गोळी मुलीला नियमाने घेऊ द्या.